धर्मशाळेत तिबेटी मंडळींना शिकवायला जाताना

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारी मुलगी नागपूरची, वय २६, मराठी शाळेत शिकून पुढे इंग्रजीत एम.ए. झालेली. एप्रिल ते जून हिमाचलातल्या धर्मशाळा गावाच्या वरच्या अंगाला, मॅक्लिओडगंजला राहून तिबेटी लोकांना इंग्रजी शिकवायचं तिच्या मनात आहे. तिथे बहुतेक परदेशी स्वयंसेवक असतात, मग आपल्याला घेतील का, रोजचा दिवस कसा जातो, आणि सुट्टीत फिरणं होतं का, हे तिला हवं आहे.

माझ्या मुलीच्या वयाची आहेस, तेव्हा अगं-तुगंच करते. पुण्यात एका मराठी शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यापासून सात उन्हाळे मॅक्लिओडगंजला काढले.

पहिली शंका आधी मिटवते. घेतील, आनंदाने घेतील. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या मुलीकडे नसलेली एक गोष्ट तुझ्याकडे आहे. तिबेटी भाषेत क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं. 'ङ खालाक सा-गी-यो' म्हणजे 'मी जेवण जेवतो आहे', शब्दाखाली शब्द मांडून बघ, क्रम तोच. 'त्याने केलं' यातल्या 'ने'सारखा प्रत्यय त्यांच्याकडेही लागतो. नामाआधी ए, ॲन, द लावायची सवय त्यांनाही नसते. त्यामुळे वहीत कुणी 'आय राइस ईट' लिहिलं की ती चूक कुठून आली हे तुला लगेच कळेल, कारण पाचवीत आपण तीच करत होतो. परदेशी शिक्षक ती चूक सुधारतात. तू ती का होते हे फळ्यावर मांडून दाखवू शकशील, आणि एकदा ते दाखवलं की निम्मं काम होतं.

लिपीचं तर विचारूच नकोस. त्यांची ३० व्यंजनं क, ख, ग, ङ अशीच सुरू होतात. सातव्या शतकात थोन्मी संभोटा भारतात येऊन शिकला आणि परत जाऊन त्याने ही लिपी बसवली, असं तिबेटी परंपरा मानते. पहिल्या वर्षी एका विद्यार्थ्याने मला वहीत पहिली चार अक्षरं काढून दाखवली आणि मी वहीकडे न बघता पुढची म्हणत गेले: च, छ, ज, ञ. वर्ग चिडीचूप झाला. पुढे मी ट, ठ, ड म्हणायला लागले तेव्हा सगळे एकदम 'नाही, नाही' करून ओरडले, ती ओळ त्यांच्याकडे नाही. आपल्या मुलांना वर्णमालेत सोडून कुठेच न भेटणारा, शब्दाच्या सुरुवातीला कधीच न येणारा तो ङ त्यांच्याकडे अख्खा शब्द आहे. ङ म्हणजे 'मी'. त्या दिवसापासून मी रोज एक तिबेटी वाक्य विद्यार्थ्यांकडून शिकायचं असं ठरवलं. तूही ठरव. शिकवणारी बाई स्वतः अडखळते, चुकते आणि पुन्हा म्हणते हे बघितल्यावर मागच्या रांगेतले बोलायला लागतात.

वर्गात कोण असतं? मठातले भिक्खू, हॉटेलात काम करणारी मुलं, दुकान चालवणाऱ्या बायका, कधी साठी ओलांडलेले एखादे पा-ला, म्हणजे वडीलधारे गृहस्थ. पूर्वी तिबेटमधून नुकतेच डोंगर ओलांडून आलेले बरेच असायचे. २००८ नंतर ती वाट जवळपास बंद झाली आणि असे विद्यार्थी विरळ झाले. आता इंग्रजी शिकण्याचं मोठं कारण म्हणजे कॅनडा, अमेरिका किंवा युरोपात असलेले नातेवाईक आणि त्यांच्याकडे जायची धडपड. हजेरी घेताना एका वर्गात सहा-सहा तेनझिन निघतील. दलाई लामांचं नाव तेनझिन ग्यात्सो, आणि त्यांच्याकडून नाव मागून घेतलेल्या मुलांना बहुधा तेनझिन मिळतं. म्हणून दुसरं नावही पाठ कर. काहींची नावं वारांवरून असतात: दावा म्हणजे सोमवार आणि चंद्रही, मिग्मार म्हणजे मंगळ, ल्हाक्पा बुध, पासांग शुक्र. ग्रह आणि वार यांची जोडी आपल्यासारखीच, त्यामुळे ती चटकन लक्षात राहतात. नावापुढे 'ला' लावायचं, ते आपलं 'जी'. तुला ते 'गेन-ला' म्हणतील, म्हणजे बाई. दिसेल त्या भिक्खूला 'लामा' म्हणू नकोस, लामा म्हणजे गुरू. भिक्खूला 'कुशो-ला' म्हटलेलं चालतं.

ल्हा, तिबेट चॅरिटी अशा संस्था प्रौढांचे वर्ग चालवतात. त्यांना आधी मेल टाक. मध्ये एजंट घालून हजारो रुपये भरायची काही गरज नाही, मुळीच भरू नकोस. शाळेत शिकवायचा आग्रहही धरू नकोस. १९६० च्या मे महिन्यात जम्मूकडच्या रस्त्याच्या कामांवरून ५१ मुलं आणली गेली, त्यांचे आईबाप तिथे खडी फोडत होते, आणि त्या मुलांपासून तिबेटन चिल्ड्रेन्स व्हिलेज ही निवासी शाळा उभी राहिली. आजही तिथल्या वसतिगृहात आईवडिलांपासून लांब असलेली मुलं असतात. दोन महिन्यांत लळा लावून निघून जाणारी ताई त्या मुलांना नको, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्यांना शिकव. त्यांना येणारे-जाणारे शिक्षक माहीत असतात आणि आपल्याकडून काय घ्यायचं हे ते ठरवून येतात.

प्रवासाचं सोपं आहे. दिल्लीत मजनू का टिला इथून संध्याकाळी बस निघते ती सकाळी वर पोचवते. ही तिबेटी वस्ती आहे, तिथे दोन तास आधी जाऊन थुक्पा, म्हणजे शेवयांचं सूप, खा, ओळख तिथूनच सुरू होते. खोली जोगीवाडा रोडच्या बाजूला बघ. भागसू आणि धर्मकोट पर्यटकांनी भरलेले असतात, आणि तिथून वर्गाला यायचं तर रोज चढउतार. जूनच्या शेवटी पाऊस लागला की थांबत नाही, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, म्हणून एप्रिल-मे-जून हे तू बरोबर निवडलंस. बूट चांगल्या पकडीचे घे. अंगावरचं ऊबदारच आण, सुमारे २,००० मीटर उंची आहे, मे महिन्यातही रात्री गोधडी लागते. दुखलंखुपलं तर खाली गांगक्यीजवळ, म्हणजे तिबेटी निर्वासित सरकारच्या कचेऱ्या आहेत तिथे, डेलेक हॉस्पिटल आहे.

आता दिवस. पहाटे साडेपाचला उठशील तर दिवस सापडेल. मुख्य मंदिराच्या टेकडीभोवती प्रदक्षिणेची वाट आहे, तिला कोरा म्हणतात. मंदिर उजव्या हाताला ठेवून चालायचं, हे तुला सांगायला नको. देवदार आणि पाइनची झाडं, दोरीवर पताका, दगडांवर कोरलेलं 'ओम मणि पद्मे हूं', आणि पुढेमागे चालणाऱ्या मो-ला, म्हणजे आज्या. एका हातात माळ, दुसऱ्या हातात फिरवायचं मणिचक्र, काठी काखेत. अर्ध्या तासात फेरी होते. ल्हाग्याल रीच्या स्तूपापाशी जुनिपरच्या फांद्या जाळतात, तो धूर नंतर दिवसभर ओढणीला येतो. परतताना रस्त्याच्या कडेला बायका बालेप, म्हणजे जाड गोल पाव, टोपलीत घेऊन बसतात. गरम असतानाच घे.

वर्ग साधारण सकाळी एक आणि दुपारनंतर संभाषणाचा एक. मधला वेळ मोकळा दिसतो, पण आठवड्याभरात तो भरतो. कुणाला अर्ज लिहून हवा असतो, कुणाला मुलाखतीची तयारी, कुणी भिक्खू शास्त्रातल्या एखाद्या शब्दाला इंग्रजी शब्द शोधत येतो आणि तासभर बसतो. रात्री नऊला गाव झोपतं. आणि काही संध्याकाळी वर्ग होतच नाही. तू असताना १७ मे येईल. १९९५ साली त्या दिवशी पंचेन लामा, म्हणजे दलाई लामांच्या खालोखालचे गुरू, म्हणून मान्यता मिळालेला सहा वर्षांचा मुलगा चिनी सरकारने उचलून नेला, तो अजून दिसलेला नाही. अशा दिवशी लोक मेणबत्त्या घेऊन चौकातून मंदिरापर्यंत चालतात. तूही मागे चाल, गप्प राहून. फोटो काढू नकोस. फोटोचं मी फार जपून सांगते आहे. ज्यांचे आईवडील तिबेटमध्ये आहेत त्यांचा चेहरा नेटवर आला तर त्रास तिकडच्या घराला होऊ शकतो. वर्गाचा हसरा फोटोसुद्धा विचारल्याशिवाय कुठे टाकू नकोस. कुणी 'हो' म्हणाला तरी त्याला भीड पडली नाही ना, हे बघ.

माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक इथेच सांगते. पहिल्या वर्षी, दुसऱ्याच दिवशी, मी 'माय फॅमिली' हा धडा घेतला. जगात सगळीकडे इंग्रजीचा हा पहिला धडा असतो, मीही एकतीस वर्षं घेतला होता. फळ्यावर झाड काढलं, आई, वडील, भाऊ, बहीण, आणि म्हटलं, आता तुमचं काढा. अकरा जण होते. चौघांनी पेन खाली ठेवलं. तिशीतल्या एका भिक्खूने झाड काढलंच नाही, एक ओळ लिहिली आणि वही माझ्यापुढे सरकवली: 'आय डू नॉट सी माय मदर फोर्टीन इयर्स.' मी काय बोलावं ते मला सुचेना. त्याने शांतपणे विचारलं, गेन-ला, वाक्य बरोबर आहे का? मी खाली लिहिलं, 'आय हॅव नॉट सीन माय मदर फॉर फोर्टीन इयर्स.' त्याने ते तीनदा उतरवून काढलं, 'फॉर'खाली रेघ मारली आणि वही मिटली.

तेव्हापासून मी पहिल्या पंधरा दिवसांत कुटुंब, गाव, बालपण हे विषय काढत नाही. स्वयंपाक, हवामान, बाजार, क्रिकेट यावर बोलायला भरपूर असतं. डोंगर कसा ओलांडलात, असं कधीच विचारायचं नाही. सांगायचं असेल तो आपण होऊन सांगतो, बहुधा चालताना, समोरासमोर बसलेलं नसताना.

आणि म्हणूनच मला वाटतं, फिरायचे दिवस आणि शिकवायचे दिवस असे तू वेगळे मांडूच नकोस. खरं संभाषण पायवाटेवर होतं. मी वर्गातल्या तिघा-चौघांना घेऊन कोऱ्याला जाते: पहिल्या फेरीत फक्त कालचं बोलायचं, दुसऱ्या फेरीत फक्त उद्याचं. फळ्यावर महिनाभर न बसलेला भूतकाळ दोन फेऱ्यांत बसलेला मी पाहिला आहे.

रविवारी भागसूच्या धबधब्याकडे जा. खाली प्रवाहात भिक्खू आपली चीवरं धुतात आणि खडकांवर पसरतात, सगळा उतार लालेलाल होतो. त्रिउंड मात्र एक दिवस राखून, विद्यार्थ्यांबरोबरच कर. मॅक्लिओडगंजहून साधारण ९ किलोमीटर, शेवटची बावीस वळणं दम काढतात, आणि वर पोचलं की धौलाधारची पर्वतरांग एकदम अंगावर येते. पहाटे नीघ, दुपारनंतर ढग भरतात. माझ्या चौथ्या वर्षी त्या वळणांवर एका स्वयंपाकी मुलाने मला नाकाने श्वास घ्या, तोंडाने नको, हे इंग्रजीतून समजावलं, तेही 'डोन्ट' आणि 'शुड' बरोबर लावून. वर्गात त्याने तोवर तोंड उघडलं नव्हतं.

खाली सिधपूरला नोर्बुलिंका संस्था आहे, ल्हासातल्या दलाई लामांच्या उन्हाळी राजवाड्याचं नाव तिला दिलं आहे. थांका चित्रं, लाकडावरचं कोरीव काम, कापडाचे तुकडे जोडून केलेली चित्रं, सगळं समोर चालू असतं. एखाद्या विद्यार्थ्याचा भाऊ किंवा मामा तिथे कारागीर निघतोच, त्याच्याबरोबर गेलीस तर सोन्याचा रंग कसा घोटतात तेही बघायला मिळेल. जवळच ग्युटो मठ आहे, तिथल्या भिक्खूंचा खर्जातला मंत्रपाठ एकदा ऐकच. गांगक्यीत ग्रंथालय आणि तिबेट म्युझियम आहे, मंदिरापासून खाली पायवाटेने जाता येतं. १८५२ चं सेंट जॉन चर्च फोर्सिथगंजच्या रस्त्यावर आहे, ते उभ्या उभ्या बघून होतं.

एक सहल मात्र मी दर वर्षी मुद्दाम घडवते, ती मसरूरची. धर्मशाळेहून तासा-दीड तासावर एकाच खडकात कोरलेली देवळं आहेत, आठव्या शतकाच्या सुमाराची. समोर तळं, मागे बर्फ. १९०५ च्या भूकंपात बरीच पडझड झाली. आपण वेरूळच्या कैलासासमोर उभं राहिलेलो असतो, त्यामुळे वरून खाली खोदत आणणं म्हणजे काय ते विद्यार्थ्यांना सांगता येतं, आणि मग त्यांनी ते दुसऱ्याला इंग्रजीत सांगायचं.

तुला कुणी 'लिंका'ला चल म्हणालं तर काहीही असो, जा. लिंका म्हणजे बाग, आणि बागेत दिवसभर मांडलेला संसारही. नक्षीचे पांढरे तंबू, गालिचे, थर्मासमधला चहा, फासे आपटून ओरडत खेळायचा 'शो' नावाचा खेळ, आणि दुपारनंतर गोल धरून नाच, त्याला गोरशे म्हणतात. पावलं सोपी असतात, आपल्या फेरासारखी. ज्या बायका वर्गात कुजबुजतात त्या इथे खड्या आवाजात गातात. बुधवारी बरेच जण छुपा, म्हणजे तिबेटी पायघोळ पोशाख, घालतात आणि शक्यतो शुद्ध तिबेटी बोलतात, त्या दिवसाला ल्हाकार म्हणतात. बुधवारी त्यांच्याशी हिंदी बोलू नकोस. इंग्रजी नाही तर तिबेटी.

खाण्याचं: मांस खात नसशील तर 'शा मे-पा' म्हणायचं. साका दावाचा, म्हणजे बुद्धाच्या स्मरणाचा, पवित्र महिना वैशाख-ज्येष्ठाच्या आसपास येतो, तेव्हा पुष्कळ तिबेटी लोकही मांस सोडतात. त्साम्पा म्हणजे आपलं सातूचं पीठ समज, भाजलेल्या जवाचं, लोणी-मिठाच्या चहात हाताने मळून लाडूसारखं खायचं. पहिला घोट खारट लागतो, तिसऱ्या दिवशी आवडतो. आणि मोमो. एका विद्यार्थिनीच्या घरी रविवारी मोमो करायला बसलो होतो. तिच्या आईने, आमा-लाने, माझ्या हातात पारी दिली आणि शिकवायला पुढे झाली. मी सारण ठेवलं आणि मोदकाच्या कळ्या पाडतो तशा एका बोटाने पाडत गेले, टोक बंद केलं. तिने तो मोमो उचलून उजेडात फिरवून बघितला, मुलीला काहीतरी म्हणाली, आणि पुढची सगळी परात माझ्याकडे सरकवली. मुलीने भाषांतर केलं: 'ही आधी कुणाच्या तरी घरी शिकली आहे.' मग मी तिला गणपती समजावत बसले. दुसऱ्या वर्षी मी तांदळाची पिठी घेऊन गेले.

पैशांबद्दल एकच. कुणी तुला मुलाच्या शिक्षणाचा खर्च उचलशील का असं विचारेल. विचारणारा खोटा नसतो, पण तू एकटीने शब्द देऊ नकोस, मदत करायचीच तर संस्थेतून कर. कुणालाही 'व्हिसाचं बघते', 'पुढच्या वर्षी नक्की येते' असं तोंडातून काढू नकोस. येणार असशील तर ये, सांगू नकोस. हे लोक वाट बघतात. शेवटच्या दिवशी गळ्यात खाता घालतील, पांढरा शेला असतो. मान खाली झुकवून घ्यायचा. कुणाला काही द्यायचं ते दोन्ही हातांनी, आणि पुस्तक जमिनीवर ठेवायचं नाही, ते आपल्याकडेही चालत नाही.

तू नागपूरची आहेस म्हणून आणखी एक. तुझ्यापासून फार लांब नाही, गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. माझ्या तिसऱ्या वर्षीच्या वर्गात तिथे वाढलेली एक मुलगी होती, पहिल्याच दिवशी तिने मला 'जेवलात का मॅडम?' असं विचारलं, अगदी विदर्भातला हेल काढून. मॅक्लिओडगंजला जाण्याआधी शक्य असेल तर तिकडे एक चक्कर मार. आणि परत आल्यावर नोव्हेंबरमध्ये तुमच्याकडे तिबेटी स्वेटरवाले येतील तेव्हाही जा. लुधियानाहून उधारीवर माल उचलून कित्येक कुटुंबं थंडीचे तीन-चार महिने आपल्या गावांत काढतात, त्या काळात मॅक्लिओडगंज अर्धं रिकामं असतं. पुण्यात मी लोकरी टोपी बघत उभी होते, तर मागच्या स्टॉलवरून कुणीतरी 'गेन-ला!' अशी हाक मारली. माझ्या पहिल्या वर्गातली बाई. तिने आधी मला स्टूल दिलं, मग गिऱ्हाइकाला मराठीत सांगितलं, 'थांबा दोन मिनिटं, माझ्या बाई आल्यात.'